पुनर्जन्म, मागचा जन्म आणि ‘मी’: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अंबाजोगाईत ३१ वर्षं मी अकरावी-बारावीला तर्कशास्त्र शिकवलं. निवृत्तीनंतर माझ्या वाट्याला एक बिनपगारी काम आलंय. कुणाच्या दहाव्याला, तेराव्याला गेलो की मांडवाच्या कडेला, चपलांच्या ढिगाशेजारी, कुणीतरी दंडाला धरून बाजूला घेतं. “सर, एक विचारायचं होतं.” पुढं काय येणार ते मला आता पाठ झालंय. उत्तरंही तीच तीच, म्हणून एकदाची लिहून काढली. मी कीर्तनकार नाही, भटजी नाही आणि कुठल्या चळवळीचा कार्यकर्ताही नाही. गावाबाहेर मुकुंदराजांची समाधी आहे. ‘मी कोण’ हा प्रश्न मराठीत ग्रंथभर पहिल्यांदा इथंच, त्यांच्या ‘विवेकसिंधु’त, शके १११० मध्ये विचारला गेला, असं आम्ही अंबाजोगाईकर छाती काढून सांगतो. विदर्भातल्या अंभोऱ्याचे लोक त्यावर भांडतात. भांडोत.

पुनर्जन्म आहे की नाही? एका वाक्यात सांगा.

एका वाक्यात मावलं असतं तर वेरूळला ३४ लेणी खोदावी लागली नसती. एक दिवस काढा आणि सकाळी लवकर निघा. १ ते १२ लेणी बौद्धांची. तिथलं उत्तर असं की जन्म पुन्हा होतो, पण एका घरातून दुसऱ्या घरात जाणारा असा कुणी नाही. १३ ते २९ हिंदूंची: आत्मा आहे, तो मरत नाही, देह तेवढे बदलतो. ३० ते ३४ जैनांची: जीव आहे, त्याला कर्माचे सूक्ष्म कण अक्षरशः चिकटतात आणि ते झडेपर्यंत तो देव, मनुष्य, तिर्यंच (म्हणजे पशुपक्षी, किडे, झाडं), नारकी अशा चार गतींत फिरत राहतो. मग घाट चढून खुलताबादला जा, एखाद्या दर्ग्याच्या सावलीत बसा. तिथलं उत्तर: जन्म एकच, कबरीत वाट बघायची, कयामतीला उठून हिशेब द्यायचा. संध्याकाळच्या एसटीनं परत या.

म्हणून ‘पुनर्जन्म आहे का’ असं कुणी विचारलं की मी उलट विचारतो, ‘कुणाचा?’ लोकांना वाटतं सर टाळतायत. टाळत नाही. सगळं घोडं तिथंच अडलंय.

शास्त्रीय पुरावा काही आहे का?

ज्याच्याकडं बोट दाखवता येईल असं काम अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठातले मानसोपचारतज्ज्ञ इयान स्टीव्हन्सन यांचं. १९६० च्या दशकापासून ते भारत, श्रीलंका, लेबनॉन असे देश फिरले आणि मागचा जन्म आठवतो म्हणणाऱ्या मुलांची माहिती गोळा करत राहिले. त्यांच्या विभागाकडं अशी सुमारे २५०० प्रकरणं जमली. त्यात काही गोष्टी पुन्हा पुन्हा दिसतात. लेकरू दोन ते पाच या वयात बोलायला लागतं, सात-आठ वर्षांचं होईपर्यंत विसरून जातं. ज्याचं म्हणून सांगतं तो माणूस बऱ्याचदा अपघातानं किंवा खुनानं गेलेला असतो. काही मुलांच्या अंगावर त्या जखमेच्या जागी जन्मखूणही असते.

आता दुसरी बाजू. बहुतेक प्रकरणांत संशोधक पोचले तेव्हा दोन्ही घरं एकमेकांना आधीच भेटलेली होती. काय आधी ऐकलं, काय नंतर चिकटलं, हे सोडवणं अवघड होऊन बसतं. मधे दुभाष्या असतो. आणि जिथं पुनर्जन्म मानतात तिथंच अशी मुलं जास्त सापडतात. स्टीव्हन्सन यांनी स्वतः आपल्या १९६६ च्या पुस्तकाच्या नावात ‘पुनर्जन्म सुचवणारी’ प्रकरणं असं म्हटलं, ‘सिद्ध करणारी’ म्हटलं नाही. हा माणूस मला त्या एका शब्दामुळं आवडतो. त्यांच्या नावानं फिरणारे व्हिडिओ मात्र तो शब्द आधी गाळतात.

आमचं तीन वर्षांचं लेकरू ‘माझं पहिलं घर’ असं काहीतरी बोलतंय. काय करावं?

आधी कुणालाही फोन करू नका. विशेषतः ज्या गावाचं नाव त्यानं घेतलंय त्या गावात.

माझ्या चुलतभावाच्या नातीची गोष्ट सांगतो. ती म्हणायची, “माझं घर विहिरीपाशी होतं, तिथं माझी म्हैस होती.” घरात हलकल्लोळ. कुणी म्हणालं अमक्या गावची विहिरीत पडलेली सून, कुणी म्हणालं तमकी. मला बोलावलं, का तर सर तर्कशास्त्राचे. मी दोन दिवस फक्त बसून ऐकलं. ती बोलली की बाकीचे लगेच विचारायचे, “म्हैस काळी होती का गं? नवरा मारायचा का?” ती प्रत्येकाला हो म्हणायची. तिसऱ्या दिवशी कळलं की दुपारी तिला झोपवताना पणजी आपल्या माहेरच्या गोष्टी सांगते. त्यात विहीर आहे, म्हैस आहे. पोरीनं पणजीचं माहेर आपलं करून टाकलं होतं. त्या वयात ‘माझं’ आणि ‘ऐकलेलं’ यांच्यात बांध नसतो, सगळं एकच रान.

तेव्हा एवढं करा: लेकरू जे आपणहून बोलतं ते तारीख घालून वहीत लिहा, प्रश्न विचारू नका, हसू नका, रागवू नका आणि पाहुण्यांसमोर बोलायला लावू नका. लेकरू घाबरत असेल, झोपत नसेल तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. नाहीतर दोन वर्षांत ते सगळं विसरेल आणि वही तुम्हाला सापडणार नाही.

मागचा जन्म आठवतच नाही, तर तो माझा कसा?

हा प्रश्न वर्गात मी दरवर्षी टाकायचो. जॉन लॉक नावाचा इंग्रज तत्त्वज्ञ सतराव्या शतकात म्हणाला की माणूस तोच राहतो तो आठवणीमुळं. राजपुत्राच्या सगळ्या आठवणी चांभाराच्या देहात घातल्या तर तो माणूस राजपुत्रच. हे मान्य केलं तर न आठवणारा मागचा जन्म शेजाऱ्याच्या जन्माइतकाच परका. पोरं खूश व्हायची, प्रश्न सुटला म्हणून.

मग आईला विस्मरणाचा आजार झाला. शेवटची चार वर्षं ती मला ओळखत नव्हती. तिच्या वारलेल्या भावाच्या नावानं हाक मारायची आणि ‘दादा, मला माहेरी ने’ म्हणायची. लॉकच्या हिशेबानं ती माझी आई उरली नव्हती. पण मला एक दिवससुद्धा तसं वाटलं नाही. तिचं पेन्शनचं पुस्तक, तिचे पथ्य-औषधांचे वेळ, शेजारणीला द्यायचं राहिलेलं तिचं पातेलं, हे सगळं तिच्याच नावावर होतं आणि आम्ही ते पाळत होतो. ती स्वतःला विसरली तरी आम्ही तिला तिच्या जागेवर धरून ठेवलं होतं. त्यानंतर मी वर्गात लॉक शिकवला, पण पूर्वीसारखा टाळी घेऊन नाही.

देहाचं म्हणाल तर तोही काही तोच राहत नाही. रक्तातल्या तांबड्या पेशी सुमारे १२० दिवसांत बदलतात, आतड्याचं अस्तर काही दिवसांत. उलट मेंदूतल्या बहुतेक चेतापेशी आणि डोळ्यातल्या भिंगाचा गाभा जन्मापासून मरेपर्यंत टिकतो. ‘सात वर्षांत माणूस अख्खा नवा होतो’ हे जे ऐकता ते खोटं आहे.

आत्मा नाही म्हणता आणि पुनर्जन्म आहे म्हणता, हे बौद्धांचं गणित कसं बसतं?

हा प्रश्न इसवीसनापूर्वी दुसऱ्या शतकातल्या एका ग्रीक राजाच्या तोंडी घातलेला आहे. राजा मिनँडर, पालीत मिलिंद. उत्तर देणारे भिक्खू नागसेन. संभाजीनगरात बाबासाहेबांनी १९५० मध्ये महाविद्यालय सुरू केलं, त्याला मिलिंद आणि परिसराला नागसेनवन ही नावं याच जोडीवरून मिळाली. एक प्रश्न विचारणारा, एक उत्तर देणारा. कॉलेजला याहून चांगलं नाव मला सुचत नाही.

नागसेन राजाला विचारतात, तू रथातून आलास ना, मग रथ दाखव. चाक म्हणजे रथ? आख म्हणजे रथ? जू? आपल्याकडची बैलगाडी घ्या. साटी काढा, धाव काढा, आरे काढा, जू बाजूला ठेवा. गाडी कुठाय? गाडी हे त्या जुळणीचं नाव. ‘मी’ हेही तसंच एका जुळणीचं नाव.

मग राजा म्हणतो, पुन्हा जन्मतो तो तोच की दुसरा? नागसेन म्हणतात, तोही नाही, दुसराही नाही. रात्रभर दिवा जळतो. पहिल्या प्रहराची ज्योत आणि शेवटच्या प्रहराची ज्योत एकच का? नाही. वेगळी का? तसंही नाही, एकातून दुसरी जळत आली. एका दिव्यावर दुसरा लावला तर पहिल्यातून काही उचलून दुसऱ्यात ठेवलं जात नाही, तरी दुसरा पहिल्यामुळंच पेटतो.

पण माझं आवडतं उत्तर आंब्याचं. राजा म्हणतो, जाणारा कुणी नसेल तर मागचं पाप पुढच्यानं का भोगायचं? नागसेन म्हणतात, एकानं दुसऱ्याच्या झाडाचे आंबे चोरले. पकडल्यावर म्हणतो, याने लावली ती कोय वेगळी होती, मी नेले ते आंबे वेगळे, मग चोरी कुठली? त्याला सोडाल का? आमच्या भागात केशरच्या बागा झाल्यापासून हा दाखला सांगितला की पारावरचे लोक एका आवाजात ‘नाही’ म्हणतात. आंबा तो नसेल, पण त्याच कोयीतून आला. देणं तिथवर पोचतं.

म्हणजे बाबासाहेब पुनर्जन्म मानत होते?

आत्म्याचा, अजिबात नाही. १९५७ मध्ये, त्यांच्या निर्वाणानंतर, प्रसिद्ध झालेल्या बुद्धावरच्या ग्रंथात त्यांनी प्रश्नच दोन भागांत तोडला: पुनर्जन्म कशाचा आणि पुनर्जन्म कुणाचा. देह ज्या घटकांचा बनला ते निसर्गातल्या आपापल्या साठ्यात मिळतात आणि तिथून नवं घडतं, या अर्थानं ‘कशाचा’ याला हो. तोच माणूस परत येतो, याला नाही. मागच्या जन्माच्या कर्मामुळं माणूस आज गरीब किंवा हलका ठरतो, ही कल्पना तर त्यांनी पार फेटाळली, कारण मग माणसाच्या प्रयत्नाला जागाच उरत नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात दिलेल्या २२ प्रतिज्ञांत श्राद्धपक्ष आणि पिंडदान न करण्याचीही प्रतिज्ञा आहे. ज्यांच्या कित्येक पिढ्यांना ‘तुमचं मागचं पाप’ म्हणून वेशीबाहेर ठेवलं, त्यांना हा मुद्दा समजावून सांगावा लागत नाही.

वडील पुन्हा जन्मले असतील तर पितरपाटाला वाढलेलं कुणाला पोचतं?

सगळ्यात जास्त वेळा विचारलेला प्रश्न हा. आणि चांगला प्रश्न आहे, विचारायला लाजू नका.

आपल्या घरात दोन हिशेबवह्या एकत्र शिवलेल्या आहेत. जुनी वही वेदांची: मेलेला माणूस पितृलोकात जातो, तिथं त्याला आपण अन्न पोचवायचं. नवी वही उपनिषदांत स्पष्ट दिसते: कर्माप्रमाणं पुन्हा जन्म. नवी आली म्हणून जुनी कुणी फाडली नाही. म्हणून आपण भाद्रपदात पितरांना खीर वाढतो आणि नातवाकडं बघून ‘आजा परत आला’ असंही म्हणतो.

जुन्या लोकांना ही अडचण दिसत होतीच. छांदोग्य उपनिषदानं दोन्ही जोडले: जीव धुराबरोबर वर जातो, पितृलोक, चंद्र असं करत पुण्य संपेपर्यंत राहतो, मग पावसाबरोबर खाली येतो, भात, जव, तीळ, उडीद होऊन उगवतो आणि अन्नातून पुन्हा जन्माला येतो. हे मी एकदा बीडच्या एका शेतकऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, “मग मिरगाचा पाऊस हुकला की आमचा बाप वरच लटकला म्हणा की.” मत्स्यपुराणानं वेगळी सोय केली: बाप देव झाला असेल तर श्राद्धाचं अन्न त्याला अमृत होऊन मिळतं, जनावर झाला असेल तर गवत होऊन, साप झाला असेल तर वायू होऊन. मनिऑर्डर कशी, इथं भरलेले पैसे तिथं तिथल्या नोटांत मिळतात. जैनांनी वहीच एक ठेवली. त्यांच्या मते जीव लगेच, क्षणार्धात पुढच्या देहात जातो, त्यामुळं श्राद्धाला अर्थच राहत नाही.

आणि पैठणची गोष्ट तर तुम्हाला माहीत आहेच. नाथांनी श्राद्धाचा स्वयंपाक वासानं भुकेजलेल्या अस्पृश्य कुटुंबाला जेवू घातला, ब्रह्मवृंद रुसून बसला, तेव्हा नाथांचे पितर स्वतः येऊन पानावर बसले असं सांगतात. कुणाला पोचतं याचं नाथांपुरतं उत्तर मला त्या पहिल्या पंगतीत दिसतं.

कावळा शिवला नाही तर?

माझ्या थोरल्या मामाच्या दहाव्याला दीड तास शिवला नाही. एकेक जण पुढं होऊन हात जोडू लागला. “पोरीचं लग्न आम्ही करू.” नाही शिवला. “सोसायटीचं कर्ज फेडू.” नाही. शेवटी धाकटा मामा, ज्यानं बांध कोरून चार सऱ्या आपल्याकडं ओढल्या होत्या, तो सगळ्या भावकीसमोर म्हणाला, “दादा, बांध हाय तिथं नेऊन घालतो.” कावळा आला. कावळ्याचं काय, ऊन उतरलं होतं, माणसं दमून मागं सरकली होती, तो येणारच होता. पण बांध खरंच परत गेला. तहसीलीत गेलं असतं तर पंधरा वर्षं लागली असती.

नाहीच आला तर दर्भाचा कावळा करून शिववतात. शास्त्रात सोय आहे, अपराधी वाटून घेऊ नका.

शेवटच्या क्षणी जे मनात येतं तसा जन्म मिळतो म्हणतात. आमचे दादा तर आयसीयूत बेशुद्ध गेले.

हा प्रश्न विचारणाऱ्या माणसाचा चेहरा मला नेहमी आठवतो, कारण त्याला खरं विचारायचं असतं की आम्ही नळ्या लावून चूक केली का.

कल्पना जुनी आहे. गीतेच्या आठव्या अध्यायात आहे. भागवतातला भरत राजा हरणाच्या पाडसाचा विचार करत मेला आणि हरीण झाला. नांदेडला ज्या गुरू ग्रंथ साहिबांसमोर आपण माथा टेकतो त्यात भक्त त्रिलोचनांचं पद आहे: शेवटच्या घटकेला जो धनाची आठवण काढतो तो पुन्हा पुन्हा सापाच्या योनीत येतो. पुरलेल्या हंड्यावर नाग होऊन बसलेला सावकार आपल्या प्रत्येक गावात एक तरी असतोच.

पण गीतेचा तो श्लोक पूर्ण वाचा. त्यात ‘सदा’ हा शब्द आहे. जन्मभर ज्या भावात माणूस मुरला तोच शेवटी वर येतो, असा त्याचा अर्थ. शेवटच्या मिनिटाची परीक्षा नाही ती. तुमचे दादा सत्तर वर्षं कसे जगले ते तुम्हाला ठाऊक आहे. व्हेंटिलेटरनं त्यात काही खोडलं नाही.

किल्लारीत एका रात्रीत इतकी माणसं मेली. सगळ्यांचं मागच्या जन्मीचं कर्म एकच होतं का?

३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या दिवशी गणपती बुडवून लोक दमून झोपले होते. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात सुमारे दहा हजार माणसं गेली. आठवड्याभरात मी मदतीच्या ट्रकबरोबर गेलो होतो. तिथं एक पांढऱ्या कपड्यातला गृहस्थ राहुट्यांसमोर लोकांना हेच सांगत होता, सामुदायिक कर्म, मागच्या जन्मी सगळ्यांनी मिळून काहीतरी केलं असणार. समोर एक बाई बसली होती. तिच्या मांडीवर कुणी नव्हतं आणि हात मात्र मांडीवर कुणी असल्यासारखे होते. मला त्या माणसाला मारावंसं वाटलं. मारलं नाही, याचं मला अजून वाईट वाटतं की बरं वाटतं, ते कळत नाही.

माणसं मेली ती भिंतींखाली. दोन-दोन, अडीच-अडीच फुटी दगड-मातीच्या भिंती, सांध्यात नुसता चिखल, वर लाकडावर मातीचे थर टाकत आणलेलं माळवद. उन्हाळ्यात गारवा देणारं, पिढ्यान्‌पिढ्याचं घर. भूकंप सहाच्या थोडा वरचा, जगात त्याहून मोठे कितीतरी होतात. त्याच गावातल्या कुडाच्या झोपडीतले, छपरातले लोक पुष्कळसे वाचले. आता कर्माचा सिद्धांत लावायचा तर असं म्हणावं लागेल की वाडेवाल्यांचं पाप जास्त आणि झोपडीवाल्यांचं पुण्य. तसं म्हणायला मात्र कुणी तयार होत नाही. मागच्या जन्माचं पाप हे नेहमी खालच्याकडं बोट करून सांगितलं जातं.

१९७२ चा दुष्काळ, गारपीट, कर्जापायी घेतलेलं औषध, कुठंही हाच प्रश्न येतो आणि माझं हेच उत्तर. स्वतःच्या दुःखाला कुणी ‘माझं प्रारब्ध’ म्हणून धीर धरत असेल तर मी तोंड उघडत नाही. तेच वाक्य दुसऱ्याच्या दारात जाऊन म्हणलं की ती शिवी होते.

संचित, प्रारब्ध, क्रियमाण यांत फरक काय?

पेवात साठलेली ज्वारी ते संचित. त्यातली काढून दळायला नेली, पीठ झालं, ते प्रारब्ध, त्याची आता भाकरीच होणार. यंदा वावरात पेरताय ते क्रियमाण. पीठ परत दाणा होत नाही, पण पेरणी तुमच्या हातात आहे. सटवाई पाचवीला येऊन कपाळावर लिहिते ते कोणतं, असं एकानं विचारलं. ते पिठाचं.

८४ लक्ष योनी खरंच मोजल्या होत्या का? आणि लोकसंख्या वाढते तर नवे आत्मे कुठून येतात?

पुराणातली वाटणी अशी: पाण्यातले ९ लाख, झाडं-वेली २० लाख, किडे ११ लाख, पक्षी १० लाख, पशू ३० लाख, मनुष्य ४ लाख. बेरीज बरोबर ८४. २०११ मध्ये शास्त्रज्ञांनी पृथ्वीवरच्या प्रजातींचा अंदाज ८७ लाख काढला, तेव्हापासून ‘बघा, आमच्या ऋषींनी आधीच सांगितलं’ हा मेसेज दर श्रावणात येतो. त्या ८७ लाखांत १३ लाख इकडं-तिकडं अशी सूट आहे, जीवाणू धरलेले नाहीत, आणि मनुष्याची प्रजाती त्यात चार लाख नाही, एक आहे.

लोकसंख्येचं उत्तर यातच आहे. १८०० साली जगात शंभर कोटी माणसं होती, २०२२ मध्ये आठशे कोटी झाली. मानणारा म्हणेल, किडामुंगीतून बढती मिळाली. रस्त्यावरची वाहतूक बघून मला कधीकधी पटतं.

संमोहनानं मागचा जन्म दाखवतात. एका बैठकीचे काही हजार घेतात. जावं का?

नको. १९५२ मध्ये अमेरिकेत एका बाईनं संमोहनाखाली आपण एकोणिसाव्या शतकातली आयरिश बाई होतो असं सांगितलं, देशभर गाजलं. नंतर वार्ताहरांना आढळलं की ती लहान असताना समोरच्या घरात एक आयरिश वंशाची बाई राहत होती. ऐकलेलं कुठून ऐकलं ते मन विसरतं आणि आपलं म्हणून परत देतं. संमोहनात सुचवलेलं पटकन चिकटतं, आणि खोटी आठवण खरीसारखीच ओली असते. माझ्या ओळखीची एक मुलगी अशा बैठकीहून आली ती सासूनं मागच्या जन्मी आपल्याला विष घातलं हे घेऊन. पुढं काय झालं असेल ते सांगायला नको.

मागच्या जन्माचा राग या जन्मात आणला तर काय होतं ते बघायचं असेल तर अजिंठ्याला जा. दहाव्या आणि सतराव्या लेण्यात सहा दातांच्या हत्तीची जातककथा आहे. रुसलेली हत्तीण मरून राणी होते, जुन्या रागापायी त्या हत्तीचे दात कापून आणवते, आणि दात समोर आल्यावर तिचं काळीज फाटतं. तिकीट बैठकीपेक्षा स्वस्त आहे.

एका बाबांनी माझ्या बहिणीला ‘तू मागच्या जन्मी माझी बायको होतीस’ असं सांगितलंय.

तत्त्वज्ञान बाजूला ठेवा आणि आज पोलीस ठाण्यात जा. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत हे जवळजवळ याच शब्दांत लिहिलेलं आहे: मागच्या जन्मी तू माझी पत्नी, पती किंवा प्रेयसी होतीस असं भासवून शरीरसंबंध ठेवणं हा गुन्हा. सहा महिने ते सात वर्षं कैद, दंड वेगळा. नुसतं बोलण्यावर आहे तोवरच बहिणीला तिथून बाहेर काढा. ती चिडेल, चिडू द्या.

वटपौर्णिमेला सात जन्म हाच नवरा मागायचा. हा सातवा कशावरून नसेल?

हा प्रश्न माझ्या बायकोचा आहे. उत्तर मी दिलेलं नाही.

सगळे जन्म-मरणाच्या फेऱ्यातून सुटायला बघतात, मग वारकरी मोक्ष का मागत नाहीत?

कारण मोक्षात वारी नाही. ‘गर्भवासी सुखें घालावें आम्हांसी’ असं तुकोबा देवाला सरळ सांगतात, अट एकच, तुझा विसर पडू देऊ नको. ज्या गोष्टीला साऱ्या दर्शनांनी शिक्षा म्हटलं ती यांनी मागून घेतली. आमच्या गंगाखेडची जनाबाई दळता-कांडता देवालाच कामाला लावते, ती कशाला सुटका मागेल? आषाढीला पालख्यांच्या वाटेवर पाय सुजलेल्या म्हाताऱ्यांना ‘पुढच्या वर्षी यायचं का’ विचारून बघा. वर्षाचं विचारा नाहीतर जन्माचं, हो म्हणतात.

नातवाला वडलांचं नाव ठेवावं का? ‘तेच परत आले’ असं सगळे म्हणतायत.

ठेवा. माझंही नाव आज्याचंच आहे. त्याचा परिणाम असा झाला की आजीनं मला जन्मभर नावानं हाक मारली नाही. नवऱ्याचं नाव कसं घेणार? ‘ए बाळ्या’, ‘आरं इकडं ये’ यावरच भागवलं. मी समोर आलो की डोक्यावरचा पदर अर्धवट ओढायची आणि स्वतःच हसायची. मला कधी तिनं रागावलं नाही, माझ्या धाकट्या भावाला मात्र चिंचेच्या फोकानं झोडपायची. तो अजून म्हणतो, नाव ठेवताना मला विचारायला पाहिजे होतं.

आमच्या गल्लीत आज्याचे एक जोडीदार होते, मी दिसलो की काठी आडवी धरायचे. “का रे, मागल्या जल्मी माझे चाळीस रुपये घेतले व्हते, बैलाला. कधी देतो?” सगळी ओसरी हसायची. मीही हसायचो, पण चौथी-पाचवीत असताना ते चाळीस रुपये मला खरंच रात्री आठवायचे. नोकरी लागल्यावर पहिल्या पगारातून मी त्यांच्याकडं गेलो आणि दहाच्या चार नोटा पुढं केल्या. मला वाटलं ते हसतील, पाठीवर थाप मारतील. त्यांनी नोटा मोजल्या, कोपरीच्या खिशात घातल्या आणि म्हणाले, “आन् याज?”